बटण दाबायचं कोणी?

पुण्यातल्या आमच्या खराडीच्या ऑफिसात बसून किंवा उभं राहून काम करता यावं म्हणून बटणानं उंची कमी-जास्त होणारी टेबलं आली ती डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांमुळे. मी अ‍ॅडमिन बघते. म्हणजे खुर्च्या, एसी, कँटीन, पार्किंगचे स्टिकर, हाउसकीपिंग आणि ज्याला दुसरं कुठलंच खातं हात लावत नाही ते सगळं. कोविडनंतर लोक हळूहळू ऑफिसात परतले ते पलंगावर, डायनिंग टेबलाशी, गावच्या घरी ओट्यावर बसून दुखावलेल्या पाठी घेऊनच. चिठ्ठ्या येऊ लागल्या. डॉक्टर कोणीही असो, मजकूर एकच: फार वेळ सलग बसू नका. एचआर ती चिठ्ठी माझ्याकडे पाठवायचं आणि विषय संपवायचं. शेवटी वरून मेल आला की थोडी इलेक्ट्रिक टेबलं घेऊन बघा. लोक वापरत असतील तर बाकीच्या मजल्यांचा विचार करू. ‘वापरत असतील तर’ या तीन शब्दांनी माझं पुढचं वर्ष खाल्लं.

पहिली खेप फक्त चिठ्ठीवाल्यांना द्यायची असं मॅनेजमेंटनं ठरवलं. एक टेबल साध्या टेबलाच्या दुपटीहून महाग, त्यामुळे ज्याला खरी गरज त्यालाच द्यावं हे कागदावर बरोबरच होतं. सगळी टेबलं एका कोपऱ्यात ओळीनं लागली आणि लगेच त्या ओळीला नाव पडलं, ‘जनरल वॉर्ड’. तिथं कोणी उभं राहिलं की जाणारा-येणारा विचारणार, “काय, आज जास्त दुखतंय का?” विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असायची, पण दिवसातून पाच जणांनी काळजी केली की माणूस खाली बसतो. एका मुलाची पाठ बरी झाली तशी त्यानं आपली जुनी जागा मागून घेतली. टीममधल्या एका सीनियर बाईंना नव्या प्रोजेक्टच्या वेळी मॅनेजरनं सहज म्हणून विचारलं, “तुम्हाला झेपेल ना?” त्यांनी माझ्याकडे येऊन सांगितलं, मला साधं टेबल द्या. त्यांची पाठ अजून दुखत होती.

स्वीडनमधल्या चार कंपन्यांचा २००६ सालचा एक अभ्यास मी नंतर वाचला. अशी टेबलं मिळूनही तिथं वापर कमीच होता आणि जे वापरत होते त्यांत अंग दुखणारे आणि वापराचं नीट शिक्षण मिळालेले लोक जास्त होते. म्हणजे दुखणं माणसाला उभं करतं हे खरं. पण दुखणाऱ्यांची वेगळी ओळ केली की काय होतं ते मला आमच्या कोपऱ्यानं दाखवलं. दुसऱ्या खेपेला मी हट्टच धरला: एक अख्खी बे, म्हणजे टेबलांचा एक सलग गट घ्या, त्यातल्या सगळ्यांना द्या, मग पाठ दुखो की न दुखो.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट शिकले, ती कुठल्याच कोटेशनमध्ये ठळक लिहिलेली नसते. या टेबलांच्या पायांत एकात एक सरकणाऱ्या नळ्या असतात. दोन नळ्यांचा पाय स्वस्त, पण तो टेबलाला साधारण सत्तर सेंटिमीटरच्या खाली आणत नाही. तीन नळ्यांचा पाय साठ-बासष्टपर्यंत खाली येतो आणि वर सव्वाशेपर्यंत जातो. विक्रेते बोलतात ते वरच्या आकड्याबद्दल. आमच्याकडे गरज खालच्या आकड्याची निघाली. ऑफिसचं ठरलेलं टेबल त्र्याहत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरचं असतं. पाच फूट उंचीच्या बाईला ते बसून काम करायला उंचच पडतं. ती खुर्ची वर घेते, मग पाय लोंबकळतात, मग पायाखाली जुन्या प्रिंटरचा खोका येतो. अशा खोक्यांचा बंदोबस्त करायला मी कितीतरी वर्षं लोकांच्या मागे लागले होते. तीन नळ्यांची टेबलं आल्यावर कित्येक मुलींनी पहिल्या दिवशी टेबल वर नेलंच नाही, खाली घेतलं. खोके आपोआप गेले. उभं राहण्यासाठी आणलेल्या टेबलाचा पहिला उपयोग नीट बसायला झाला, आणि कंपनीला काय हवं होतं ते बाजूला ठेवलं तर तोही माझ्या मते वसूलच आहे.

मग वायरी. टेबल वर जातं, पण त्याच्यावरच्या गोष्टी जमिनीला बांधलेल्या असतात. मॉनिटरची केबल, नेटवर्कची केबल, लॅपटॉपचा चार्जर, सगळं फरशीत बसवलेल्या फ्लोअर बॉक्समधून यायचं, आणि आधीच्या इलेक्ट्रिशियननं ते पायाला इतकं सुबक आवळून बांधलं होतं की टेबल वर न्यायला गेलं की मॉनिटर मान खाली घालायचा. एकदा एकाचा लॅपटॉप मॉनिटरला जोडणारा डॉक ओढला जाऊन क्लायंटच्या कॉलमध्येच स्क्रीन गेला. तो मुलगा त्यानंतर बटणाला हात लावेना, आणि त्याच्या शेजारचे दोघंही लावेनात. त्यांच्या बाबतीत तर काही झालंही नव्हतं, त्यांनी फक्त पाहिलं होतं. आम्ही पुढच्या शनिवारी एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाच्या फळीला खालून स्क्रूनं बसवले, म्हणजे सगळ्या वायरी टेबलाबरोबरच वर-खाली जातात आणि जमिनीपर्यंत एकच वायर लोंबते. प्रत्येक टेबलामागे किरकोळ खर्च आला. पोस्टरवर त्याहून जास्त गेला होता. ‘उभे रहा, निरोगी रहा’ असं लिहिलेल्या त्या पोस्टरचा मला काही उपयोग दिसला नाही, पण ते एचआरच्या बजेटमधून आलं होतं, त्यामुळे अजून लिफ्टशेजारी आहे.

सुरुवातीला हौस दांडगी होती. सगळी बे उभी. फोटो निघाले, लिंक्डइनवर गेले. मग एकेक जण खाली बसत गेला. मी सकाळी आणि दुपारी राऊंड मारायचे तेव्हा डोकी मोजायचे; पावसाळा सुरू होईतो नेहमी उभी दिसणारी डोकी ठरावीकच उरली. वर्ग सरळ तीन झाले होते: रोज उभे राहणारे, मनात आलं तर कधीतरी राहणारे आणि बटण कुठं आहे ते विसरलेले. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या वित्तीय कंपनीच्या २०१८ सालच्या पाहणीतही जवळपास असेच तीन गट निघाले होते, प्रत्येकात साधारण एक तृतीयांश लोक. ते वाचून मला हायसं वाटलं. म्हणजे हा केवळ पुणेरी आळस नव्हता.

मग मी लोकांना विचारायला लागले. फॉर्म पाठवला नाही. फॉर्मवर लोक एचआरला आवडेल ते लिहितात. चहाच्या मशीनशी, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये विचारलं. ‘का उभे राहत नाही?’ याला सगळ्यांचं पहिलं उत्तर एकच: “विसरतो हो.” दुसऱ्यांदा विचारलं की खरं उत्तर यायचं.

सगळ्यात जास्त आलेलं खरं उत्तर म्हणजे सगळे बघतात. आमची पार्टिशनं बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंतची. टेबल वर गेलं की स्क्रीनही वर जातो आणि मागून जाणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येतो. कोड दिसला तर हरकत नाही, पण नोकरीची साइट, पीएफचं पान, मुलीच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? शिवाय उभं राहिलेल्याला चारी बाजूंच्या लोकांचे स्क्रीन दिसतात, म्हणून बसलेलेही नाखूश. त्यात मोटरचा आवाज. कॅटलॉगमध्ये तो अगदी बारीक म्हणून लिहिलेला असतो, आणि तसा तो बारीकच आहे, पण दुपारच्या शांत बेमध्ये ती घरघर सुरू झाली की दहा माना वळतात. एक लाजाळू टेस्टर मला म्हणाली, “मॅडम, मी टेबल वर नेते तेव्हा वाटतं मी काहीतरी जाहीर करतेय.” मुलांमध्ये चेष्टा वेगळी: “काय रे, गृहपाठ नाही केला का?” बाकावर उभं राहण्याची शिक्षा भोगलेल्या पिढीला उभं राहणं सन्मानाचं वाटायला वेळ लागणारच.

आणि साहेब. एका डिलिव्हरी हेडला, म्हणजे क्लायंटचे प्रोजेक्ट पार पाडणाऱ्या साहेबाला, मुळात बसवत नसे. अमेरिकेच्या कॉलवर हेडसेट लावून तो येरझाऱ्या घालायचा. त्याचं टेबल बेच्या मधोमध होतं. तो उभा राहून काम करायला लागला तशी त्याच्या टीममधली निम्मी पोरं उभी. कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला एक मॅनेजर होते, स्वभावानं अतिशय सज्जन, पण ते स्वतः बसायचे आणि त्यांची खुर्ची टीमच्या मागच्या बाजूला होती. त्यांच्या टीममध्ये एकही माणूस उभा राहत नव्हता. एकानं कारण सांगितलं: “सर मागे बसलेत, मी त्यांच्यापुढे उभा राहू? त्यांना वाटेल मी निघालो.” पहिला साहेब पुढे बंगळुरूला बदलून गेला. महिन्याभरात त्याची टीम खाली आली. टेबलं तीच, पोरं तीच. यानंतर माझं मत पक्कं झालं ते असं, की आपल्याकडच्या ऑफिसात उभं राहणं हा माणसाच्या पायांचा निर्णय नाहीच. आजूबाजूला कोण बसलंय आणि कोण बघतंय यावर तो ठरतो.

पायांचाही भाग आहे म्हणा. आपले लोक टेबलाखाली पहिल्यांदा काय करतात? चपला काढतात. मग एक पाय खुर्चीवर दुमडून घेतात, काही जणी तर सरळ मांडी घालतात. अशा माणसाला उभं राहायचं तर पाय सोडायचा, अंधारात चाचपडून चपला शोधायच्या, त्यातली एक हमखास ड्रॉवर युनिटच्या मागे गेलेली असते. कुठल्याही परदेशी अभ्यासात मला ही अडचण सापडली नाही. शिवाय खाली व्हिट्रिफाइड फरशी. एसीत ती गार पडते आणि पातळ सोलच्या चपलांतून अर्ध्या तासात टाचा दुखायला लागतात. हील घालणाऱ्यांचं तर विचारूच नका. उभं राहण्यासाठीच्या रबरी मॅट मागवल्या तेव्हा वापर दिसण्याइतका वाढला, विशेषतः बायकांमध्ये. मात्र मॅट टेबलाखाली सरकवून ठेवली की खुर्चीची चाकं तिच्यावर अडतात, म्हणून काहींनी ती गुंडाळून भिंतीशी ठेवली आणि मग ती तिथंच राहिली.

वेळेचंही एक गणित होतं. सकाळी दहाला कोणी उभं दिसायचं नाही. हडपसरहून पीएमपीएमएलमध्ये दांड्याला धरून आलेल्याला किंवा सिंहगड रोडवरून दुचाकीनं खड्डे चुकवत आलेल्याला आल्या आल्या टेकायचं असतं. मुंबईहून बदलून आलेला एक जण म्हणाला, “मॅडम, वीस वर्षं विरार लोकलमध्ये माझं उभं राहून झालंय.” याउलट दुपारी जेवणानंतर, अडीच ते चार, हीच माणसं आपण होऊन टेबल वर न्यायची. डबा जड, डोळे जड. उभं राहिलं तर झोप येत नाही. मी आरोग्याच्या गप्पा बंद करून ‘जेवणानंतरची झोप घालवा’ एवढंच सांगायला लागले, त्याचा सगळ्यात चांगला परिणाम झाला. चाळीस वर्षांनंतरच्या हृदयासाठी कोणी आज बटण दाबत नाही. तीन वाजताच्या डुलकीसाठी दाबतं.

छताचं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. एसीचे डिफ्युझर, म्हणजे हवा सोडणारी छतातली तोंडं, बसलेल्या माणसांचा विचार करून लावलेले. पावणेसहा फुटी माणूस उभा राहिला की गार झोत थेट टाळूवर. दोन टेबलं तर अशी होती की तिथं उभं राहिलेल्याची हमखास सर्दी व्हायची. दिव्यांचंही तेच, स्क्रीन वर गेला की त्यात ट्यूबलाइटची रेघ उमटायची. झोत वळवून घेतले, एक-दोन दिव्यांना जाळ्या लावल्या. त्या दोन टेबलांचा ‘आळस’ तेवढ्यानं गेला.

कामाच्या प्रकारानंही खूप फरक पडतो. कॉलवर बोलणारे उभे राहतात, कोडमध्ये खोल शिरलेले बसतात. डिझाइनची मुलं मधूनच उभी राहून चार पावलं मागे जाऊन स्क्रीन बघतात, त्यांना टेबल फार मानवलं. व्हिडिओ कॉलला मात्र लोक टेबल खालीच ठेवतात, कारण पूर्ण उंचीवर टाइप करताना टेबल किंचित हलतं आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात आख्खं ऑफिस हलताना दिसतं. आणि अकाउंट्स! तिथं व्हाउचर, फाइली, पंचिंग मशीन, शिक्के, कॅल्क्युलेटर आणि एक छोटा गणपती. टेबल वर नेलं तर गणपती पडेल ही भीती खरी होती की सबब, ते मी तपासलं नाही. महिनाअखेरीला त्यांना उभं राहा म्हणणं म्हणजे अंगावर ओढवून घेणं.

मध्येच एक फिजिओथेरपिस्ट बाई आणल्या होत्या. त्या एका दुपारनं पोस्टरच्या शंभरपट काम केलं. त्यांनी भाषण केलंच नाही; प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन उंची लावून दिली. कोपर काटकोनात, खांदे सैल, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, आणि ती उंची बटणात सेव्ह. निम्म्या लोकांनी टेबल इतकं वर नेऊन ठेवलं होतं की खांदे कानाला टेकत होते. मग ते म्हणणारच, उभं राहिलं की मान दुखते. त्यांनी एक आकडा सांगितला. २०१५ साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या गटानं ऑफिसात बसून काम करणाऱ्यांनी कामाच्या वेळेत दिवसाकाठी आधी दोन तास आणि मग वाढवत चार तास उभं राहणं किंवा हलकं चालणं, असा सल्ला दिला होता. ‘दोन तास’ ऐकून चेहरे पडले. बाई म्हणाल्या, सलग नाही, अर्धा तास उभं राहा, पुन्हा बसा. हे ‘पुन्हा बसा’ आमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटत होतं, एकदा टेबल वर नेलं की आता खाली आणणं म्हणजे हरणं.

वजन उतरेल या आशेवर उभे राहणारेही होते. त्यांची निराशा मीच केली. उभं राहिल्यानं बसण्यापेक्षा तासाला सुमारे नऊ कॅलरी जास्त खर्च होतात, म्हणजे तीन तासांचं फळ एक मारी बिस्किट. एक जण त्या दिवशीच बसला. दुसरी म्हणाली, “बरं झालं सांगितलंत, आता पाठीसाठीच उभी राहीन.” ती अजून राहते.

विक्रेत्यानं टेबलांबरोबर एक अ‍ॅपही देऊ केलं होतं. कोणतं टेबल किती वेळ कुठल्या उंचीवर होतं त्याचा तक्ता निघतो. मॅनेजमेंटला तो फार आवडला. बातमी फुटायला एक जेवणाची सुट्टी पुरली. “म्हणजे आम्ही जागेवर किती वेळ असतो तेही कळणार?” कळणारच होतं. त्या आठवड्यात वापर अचानक वाढला आणि मला शंका आली, म्हणून जाऊन पाहिलं, तर टेबलं वर नेऊन ठेवलेली आणि माणसं उंच स्टूल आणून त्यांच्यापुढे बसलेली. अ‍ॅप बंद करून घेतलं. ते बंद झाल्याचा मेलही सगळ्यांना पाठवला, नाहीतर संशय राहिला असता.

मला पटलेला एक उपाय नेदरलँड्समधल्याच दुसऱ्या एका अभ्यासातून आला, तोही २०१८ सालचा. एका सरकारी कार्यालयात संशोधकांनी लोकांना काहीच सांगितलं नाही, फक्त रोज टेबलं उभ्या उंचीवर नेऊन ठेवली. आधी कुठल्याही वेळी उभे असणारे २ टक्केही नव्हते. ते प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि प्रयोग थांबवून दोन महिने झाल्यावरही ८ टक्क्यांच्या जवळ होतं. म्हणजे ‘बटण कोणी दाबायचं’ हाच प्रश्न उलटा केला: खाली बसण्यासाठी बटण दाबा. मी आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींना सांगितलं, संध्याकाळी पुसायच्या आधी सगळी टेबलं वर करत चला. त्यांना ते आवडलं, खालची फरशी सलग पुसता येते. सकाळी लोक आले की टेबल छातीशी. काही जण चरफडत खाली घ्यायचे. पण बरेच जण बॅग ठेवून, लॅपटॉप लावून, चहा येईतो उभ्या उभ्याच मेल बघायला लागले. आता आवाज करून सगळ्यांच्या नजरेत यायचं ते खाली आणताना. ती लाजाळू टेस्टर सकाळी अकरापर्यंत उभी दिसते. चेष्टाही बंद झाली, कारण सगळ्यांचीच टेबलं वर असली की कोणाला काय म्हणणार?

त्याच मावशी एकदा टेबल वर करता करता हसल्या. म्हणाल्या, “मॅडम, आमाला बसायला स्टूल मिळंना आणि ह्यास्नी उभं राहायला मशीन.” मी काही बोलले नाही. खरं तर बोलण्यासारखं होतं, कारण फिजिओ बाईंनी सांगितलेली लंडनच्या बसची गोष्ट माझ्या डोक्यात होती. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. आमच्या साहेबांनी या गोष्टीतून उभं राहणं चांगलं एवढंच उचललं होतं. पण कंडक्टर एका जागी खांबासारखा उभा नव्हता, तो हालचाल करत होता. कॅनडातल्या ओंटारियोत सात हजारांवर कामगारांचा बारा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा मुख्यतः उभ्यानं काम करणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण बसून काम करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. कपड्यांच्या दुकानांतल्या सेल्सवुमननी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केल्यावर केरळनं २०१८ साली त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली, तमिळनाडूनं २०२१ साली. कारखान्यातल्या कामगारांना बसायची सोय द्या असं तर १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ४४ पहिल्यापासूनच सांगत होतं. आमच्या गेटवरच्या वॉचमनला आणि मजल्यावरच्या मावशींना टेकायला उंच स्टूल हवीत हा प्रस्ताव मी टेबलांच्याच फाइलमध्ये घातला. वेगळा पाठवला असता तर कोणी उघडला नसता. मंजूर झाला. मात्र वॉचमन स्टुलावर बसतो तो फक्त रात्री. दिवसा कोणी साहेब आला की तो उठतो, आणि साहेब दिवसभर येतच असतात. मी म्हटलं ना, कोण बघतंय.

एवढं जमलं आणि मग हायब्रिड आलं. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, कोणाची जागा ठरलेली नाही, अ‍ॅपवर बुक करा आणि बसा. बटणात सेव्ह केलेली उंची आता दुसऱ्याच कोणाची. दुसऱ्याचं टेबल हलवायला लोक कचरतात, जसं परक्याच्या घरी पंख्याचं बटण दाबायला कचरतो. मी प्रत्येक टेबलाच्या पायाला सेंटिमीटरची पट्टी चिकटवून घेतली आणि लोकांना सांगितलं, आपले दोन आकडे लक्षात ठेवा, बसायचा आणि उभ्याचा. ज्यांनी ठेवले ते कुठंही बसले तरी वापरतात. बऱ्याच जणांनी ते ओळखपत्राच्या मागे लिहिलेत.

दिवे जाण्याचा प्रश्न उरला. मोटरी यूपीएसवर नाहीत, त्यांचा भार त्याला पेलणार नाही. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद टेबल मध्येच थांबतं आणि पुष्कळदा पुन्हा चालू होतच नाही. ते रीसेट करावं लागतं, म्हणजे खालचं बटण टेबल पार खाली टेकेपर्यंत धरून ठेवायचं. हे ठाऊक नसलेले लोक ‘बंद पडलंय’ म्हणून सोडून द्यायचे आणि ते टेबल महिनाभर साधं टेबल होऊन राहायचं. आता रीसेटची रीत मराठी-हिंदीत छापून फळीखाली चिकटवली आहे आणि मावशींना शिकवली आहे. इंजिनिअर लोक त्यांनाच हाक मारतात.

टेबल दिल्यानं नुसतं काय होतं आणि टेबलाबरोबर माणसं कामाला लावल्यानं काय होतं, हे मॅनेजमेंटला सांगायला मला इंग्लंडमधले दोन अभ्यास उपयोगी पडले. लेस्टरच्या सरकारी रुग्णालयांतल्या ऑफिसच्या १४६ कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना टेबल, माहिती, पाठपुरावा आणि समजावणारं माणूस असं सगळं दिलं होतं, त्यांचं कामाच्या वेळेतलं बसणं वर्षभरानं इतरांपेक्षा दिवसाला ८३ मिनिटं कमी होतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात नगरपालिकांच्या कार्यालयांतले साडेसातशे लोक होते. ज्यांना नुसता सल्ला आणि पाठपुरावा मिळाला त्यांचं दिवसभरातलं बसणं २२ मिनिटांनी कमी झालं, आणि ज्यांना त्याच्या जोडीला टेबलही मिळालं त्यांचं ६४ मिनिटांनी. टेबल लागतंच. एकटं टेबल पुरतं असं मात्र या अभ्यासांनी दाखवलेलं नाही, आणि आमच्या जनरल वॉर्डनं तर उलटंच दाखवलं.

वरच्या मजल्यासाठी जी नोट पाठवली त्यात अटी अशा होत्या: तीन नळ्यांचेच पाय, प्रत्येक टेबलाची वेगळी फ्रेम म्हणजे एकाचं हललं तरी शेजाऱ्याचा चहा हलणार नाही, बोर्ड फळीखाली, स्क्रीनमागे उंच पार्टिशन आणि ते टेबलाबरोबर वर जाणारं, डिफ्युझर आधी वळवायचे, प्रत्येक टीम लीडला बेच्या मधलं टेबल, फिजिओ बाई दोनदा. डॉक्टरच्या चिठ्ठीची अट नाही. अकाउंट्सनं टेबलं नको म्हणून सांगितलं. मी आग्रह केला नाही. त्यांना त्या पैशांत कमरेला नीट आधार देणाऱ्या खुर्च्या दिल्या आणि त्यांचा गणपती आहे तिथं आहे.